इंग्रजी आल्यानं मराठीचं नेमकं काय जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. घरात सगळे मराठीच बोलतात. परवा मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "एकोणसाठ झाले," तर त्यानं आईकडे बघून विचारलं, "म्हणजे किती?" घरी आल्यावर सासरे म्हणाले, दोन पिढ्यांत मराठी संपणार. नवरा म्हणाला, पोरगा जगाची भाषा शिकतोय, त्यात रडण्यासारखं काय आहे? आणि या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या आईनं विचारलंय की जगभर इंग्रजी पसरल्यानं स्थानिक भाषांचं आणि संस्कृतीचं खरंच नुकसान होतं का, होत असेल तर कसं, आणि घरच्या घरी त्यावर काही करता येतं का.

ताई, मी २७ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते. साहित्याचं नाही. औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, बँकेचे अर्ज, विम्याच्या अटी, आणि गेली बरीच वर्षं फोनच्या पडद्यावर दिसणारा मजकूर. त्यामुळे इंग्रजीनं मराठीचं काय होतं हे मला रोज, ओळीओळीत दिसतं. नुकसान होतं, नक्की होतं. पण बहुतेक लोक ते जिथे शोधतात तिथे ते नाही.

लोक ते शब्दांत शोधतात. 'टेबल'ला मेज म्हणा, 'मोबाइल'ला भ्रमणध्वनी म्हणा, म्हणजे भाषा वाचेल, असा एक समज आहे. मला तो पटत नाही, आणि त्याला कारण आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले होते. त्यातले काही रुजले. पण वकील, फौज, जमीन, कागद, बाजार, दुकान, हवालदार गेले नाहीत. ते आजही आहेत आणि कुणाला ते परके वाटत नाहीत. पोर्तुगिजांकडून आलेले बटाटा, पगार, चावी, इस्त्री, घमेलं, लिलाव, बिजागरी हेही असेच घरचे झाले. मग फारसीपुढे मराठी टिकली कशी? महाराजांच्या आणि पुढे पेशव्यांच्या कारभारात तिला काम होतं म्हणून. निवाडे, वतनपत्रं, जमाखर्च, तहनामे, हेरांच्या बातम्या, सगळं मराठीत, मोडी लिपीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. त्यातलं एखादं पान वाचलं तर निम्मे शब्द फारसीतून आलेले दिसतील, पण वाक्य मराठी आहे, क्रियापद मराठी आहे आणि काम मराठीत चाललेलं आहे.

याहून टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्याच्या आसपास, निहाली नावाची भाषा बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात नीट बसत नाही. तिच्यातले बहुतेक शब्द कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतून आलेले आहेत. तरी ती निहाली आहे, कारण त्या घरांत ती बोलली जाते. शब्द उसने घेतल्यानं भाषा मरत असती तर निहाली केव्हाच संपली असती. तिला खरा धोका आहे तो तिची मुलं शाळेत, बाजारात, दवाखान्यात दुसरी भाषा बोलू लागतात त्याचा.

तुमच्या सासऱ्यांना मोजणीपुरता दिलासा देता येईल. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कोटीभर जास्त. आणि साऱ्या भारतात इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे होते अडीच लाखांच्या थोडे वर. म्हणजे इंग्रजी काही आपल्या घरात येऊन बसलेली नाही. ती येते ती कामाच्या जागी. दवाखान्यात, न्यायालयात, महाविद्यालयात, बँकेत, फोनमध्ये. आणि एकेका जागेवरून मराठीला उठावं लागतं. माझ्या लेखी खरं नुकसान हे आहे, आणि ते जनगणनेत दिसत नाही.

हे काही कालपरवाचं नाही. १८२३ मध्ये मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसनं अभियंते तयार करण्यासाठी संस्था काढली, तिथे शिकवायची भाषा मराठी आणि गुजराती होती. गणिताची पुस्तकं त्यासाठी मराठीत केली गेली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. साहेबाला मराठी शिकावी लागत होती, म्हणून तो झाला. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असे. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. सर अर्स्किन पेरी यांना वरचं शिक्षण इंग्रजीतून हवं होतं. जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूनं उभे राहिले. १८६१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजरातीतून वैद्यक शिकवणारे वर्ग सुरू झाले. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळं मराठीतून. मग मुंबई विद्यापीठानं वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढल्या आणि त्या परत याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या शेवटापर्यंत झगडावं लागलं. मराठीत विज्ञान सांगता येतच नाही, असं कुणी मला म्हणालं की मला हे वर्ग आठवतात. येत होतं. शिकवलं जात होतं. मग ते थांबवलं गेलं, आणि जे शब्द रोज शिकवण्यात घासून गुळगुळीत झाले असते ते कोशात राहिले.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे आजही कसं चालतं ते तिथे जवळून दिसतं.

नवीन औषधाची माणसांवर चाचणी करायची तर रुग्णाला समजेल अशा भाषेत सगळं सांगून त्याची सही घ्यावी लागते. तो कागद म्हणजे संमतीपत्र. ते लिहिलं जातं परदेशात, इंग्रजीत, आणि माझ्याकडे येतं मराठी करायला. मी मराठी केलं की दुसरा भाषांतरकार ते पुन्हा इंग्रजीत करतो. मूळ इंग्रजी त्याला दाखवत नाहीत. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ताडून बघतात. जुळलं नाही तर कागद माझ्याकडे परत. हेतू चांगलाच आहे, रुग्णाला चुकीचं काही सांगितलं जाऊ नये. पण परिणाम काय होतो बघा. "तुम्हाला कधीही या चाचणीतून बाहेर पडता येईल, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारात काही फरक पडणार नाही," असं मी साधं लिहिलं, तर ते उलटं इंग्रजीत जाताना जरा हलतं. मग कुणीतरी शेरा मारतं: मूळ वाक्याशी जुळत नाही. दोन-चार वेळा असं झालं की भाषांतरकार शहाणा होतो. तो अशी मराठी लिहू लागतो जी इंग्रजीत जशीच्या तशी परत जाईल. "आपला सहभाग कोणत्याही क्षणी मागे घेण्याचा आपल्याला अधिकार आहे व त्यायोगे आपल्या मानक उपचारांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही." हे तपासणीत पहिल्या फटक्यात पास होतं. मी स्वतः अशी शेकडो पानं लिहिली आहेत आणि आजही ते आठवलं की मनाला लागतं.

एका जिल्ह्याच्या गावी, एका रुग्णालयात मी असं संमतीपत्र वाचून दाखवलं जात असताना बसले होते. समोर साठीच्या एक बाई, मधुमेहाच्या रुग्ण. परिचारिका वाचत होती, "सहभागींची यादृच्छिक पद्धतीने विभागणी केली जाईल." बाईंनी मान डोलावली. मी विचारलं, "मावशी, कळलं?" त्या म्हणाल्या, "डाक्टर सांगतील तसं." त्यांना काहीच कळलं नव्हतं आणि त्या सही करायला तयार होत्या. 'यादृच्छिक' हा शब्द कोशात आहे, शास्त्रशुद्ध आहे, आणि तो मी लिहिला होता. मग मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला खरी गोळी मिळणार की तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळणार, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ते ठरणार." बाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे मला नुसती पिठाची गोळी बी येऊ शकते? मग माझी साखर वाढली तर?" तो प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर त्याच कागदात तीन पानं पुढे होतं. त्यांना तो प्रश्न पडला तो मराठीमुळे. त्या दिवसापासून मी 'यादृच्छिक' लिहिणं सोडलं. "चिठ्ठी टाकून ठरवल्याप्रमाणे" लिहिते, आणि शेरा आला की कारण लिहून पाठवते. बहुतेक वेळा ते मान्य होतं. भांडावं लागतं, एवढंच.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. दोष सगळा इंग्रजीचा नाही. आपणही इंग्रजीला तोंड द्यायला जी मराठी पुढे केली ती पुष्कळदा फायलीतली होती. १९६० मध्ये भाषा संचालनालय झालं, पदनाम कोश झाला, विषयवार परिभाषा कोश झाले. फार कष्टाचं काम होतं ते, आणि मी आजही ते कोश उघडते. पण शब्द आधी बनवला आणि वापर नंतर कधीतरी होईल असं म्हणून ठेवून दिला, तर तो वापर होतच नाही. पुण्याजवळच्या एका कारखान्यात यंत्राच्या पुस्तिकेचं काम होतं. मी बेअरिंगला कोशातला 'धारवा' लिहिला. तिथला जुना फिटर पान चाळत म्हणाला, "बाई, धारवा काय असतं?" मी म्हटलं, बेअरिंग. तो म्हणाला, "मग बेअरिंगच लिहा ना. आणि हे 'सर्पिल खाच' कशाला लिहिलंय? आटे म्हणा. आटे गेले की बोल्ट बदलायचा." आटे! बोल्टच्या पेचासाठी इतका नेमका शब्द कामगारांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या होता आणि मी कोशात शोधत बसले होते म्हणून मला तो सापडला नव्हता. पान्हा, कानस, छिन्नी, रंधा, पाचर, पकड, आटे हे शब्द इंग्रजीनं हलवले नाहीत, कारण ते हातात होते. बेअरिंग आलं ते आलं. त्यानं मराठीचं काही गेलं नाही.

संज्ञा अशा येतात आणि रुळतात. क्रियापदांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मला खरी काळजी वाटते. इंग्रजी क्रियापद मराठीत येताना 'करणे' घेऊन येतं. मिक्स करणे, ॲड करणे, फील होणे, मॅनेज करणे. एक शब्द आला असं वाटतं, पण तो पाच-सात शब्दांच्या जागेवर बसतो. आता यूट्यूबवरच्या मराठी पाककृती ऐका. "आता हे छान मिक्स करून घ्यायचं." कोशिंबीर कालवतात. वरण घोटतात. पिठलं ढवळतात. ताक घुसळतात. अंडं फेटतात. कणीक मळतात, आणि मग तेलाचा हात लावून तिंबतात. लाडवाचं सारण एकजीव करतात. या प्रत्येक शब्दात हात कसा चालतो, जोर किती लावायचा, हे सांगितलेलं आहे. 'कालव' म्हटलं की बोटं हलकी फिरतात. 'तिंब' म्हटलं की मनगट लागतं. 'मिक्स करा' ऐकून स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागेल. संस्कृतीचं नुकसान म्हणतात ते माझ्या मते असं असतं. सण बुडत नाहीत, गणपती येतातच. हातातलं कसब सांगणारी भाषा मात्र हळूच निसटते.

फोनचंही असंच आहे. पडद्यावरचं वाक्य आधी इंग्रजीत रचतात आणि त्यात रिकाम्या जागा सोडतात: इथे नाव येईल, इथे संख्या येईल. इंग्रजीत कुणी 'गेलं' की बाई असो वा बाप्या, क्रियापद तेच. मराठीत गेला, गेली, गेले. यंत्राला ते कळत नाही आणि त्यासाठी जागाही नसते. म्हणून आम्ही सगळ्यांना 'यांनी' करून टाकतो: "अमुक यांनी फोटो जोडला." मैत्रिणीनं फोटो टाकला तरी फोन सरकारी पत्रासारखा बोलतो. मग तरुण पोरांना वाटतं, फोन मराठीत ठेवला की किती अवघड वाटतं, आणि ती तो इंग्रजीत करतात. त्यांचं चुकत नाही. तो मजकूर मराठीत विचार करून लिहिलेलाच नसतो. गप्पाही मग रोमन अक्षरांत. पण 'kala' लिहिलं तर कला, कळा, काळा की काला हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. ज्या मुलाला 'ळ' कधी लिहावाच लागत नाही, त्याच्या जिभेवरून तो जायला फार वर्षं लागत नाहीत.

आता तुमच्या 'एकोणसाठ'कडे येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'बासष्ट'बरोबर 'साठ दोन' असं वाचायला सुचवलं होतं. लोक चिडले, विधिमंडळात त्यावर बोललं गेलं. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की पुस्तक करणाऱ्यांचं निदान बरोबर होतं: मुलं या संख्यांना अडखळतात. पण का अडखळतात? बासष्ट अवघड आहे म्हणून नाही. आपले आजोबा पाचव्या-सहाव्या वर्षी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ म्हणत होते. मुलांच्या कानांवर बासष्ट पडतच नाही. दुकानातली किंमत इंग्रजीत, बसचा नंबर इंग्रजीत, क्रिकेटचा स्कोअर इंग्रजीत, फोन नंबर तर आपण सगळेच इंग्रजीत सांगतो. मराठी शाळेतल्या मुलाचंही हेच. संख्यांचं काम मराठीकडून गेलं, आणि मग आपण मुलाला विचारतो, तुला एवढं पण येत नाही? त्याला ते कुठे भेटणार होतं?

यावर तुमचे यजमान म्हणतील, मग मुलानं इंग्रजी शिकू नये का? शिकावी, भरपूर शिकावी, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजीला माऊली म्हटलंय. ज्यांना देवळाबाहेर आणि शाळेबाहेर ठेवलं होतं त्यांना त्या भाषेनं एक दार उघडून दिलं, हे नाकारून मराठीचं प्रेम सांगणं मला खोटं वाटतं. आज खेड्यातला बाप पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी शाळेत घालतो तो काही मराठीचा शत्रू नसतो. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचं कामकाज घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजीत चालतं, वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, मोठी नोकरी इंग्रजीत. त्याला हे दिसतं. त्याला भाषाप्रेमाचं व्याख्यान देण्यापेक्षा त्या जागांवर मराठीला जागा मिळवून देणं जास्त प्रामाणिक आहे. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडला एका महाविद्यालयात वर्ग सुरूही झाला. मला त्याचं फार अप्रूप आहे, कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्व्हिसच्या वर्गानंतर हा धागा पुन्हा हातात आला.

मला स्वतःला दिशा सापडते ती बाबासाहेबांच्या लिहिण्यात. त्यांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. जगाशी, सरकारशी, विद्वानांशी वाद घालायचा होता. पण १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', ही पत्रं मराठीत. 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबांच्या अभंगाच्या ओळी. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या माणसाला आपल्या माणसांशी बोलायला मराठीच हवी होती, आणि त्या मराठीत अर्थशास्त्र, कायदा, राजकारण सगळं मावलं. दोन्ही भाषांना त्यांनी पूर्ण काम दिलं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मराठीच्या प्रेमात आपण ते विसरतो. मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत जातं तेव्हा त्याच्यासमोर परकी भाषा म्हणून उभी असते ती आपली मराठी. कोलाम, गोंड, वारली, भिल्ल मुलांचंही तेच. इंग्रजीनं मराठीला जसं वागवू नये असं आपल्याला वाटतं, तसं मराठीनं कोरकूला वागवू नये. गणेश देवींच्या पुढाकारानं झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात देशात ७८० भाषा मोजल्या गेल्या. त्यातल्या कितीतरींना शाळेत एक तासही नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, मलाही आनंद झाला. दर्जा मिळालेल्या भाषेनं शेजारच्या लहान भाषांसाठी शाळेत बाक सरकवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता घरचं. शाळा बदलू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणार. मूल तीन वर्षांचं असतं तर मी म्हटलं असतं, मराठी शाळेत घाला, गणित-विज्ञान पुढे इंग्रजीतून घेता येतं. मूल जी भाषा बोलतं त्या भाषेत वाचायला लवकर शिकतं, आणि एकदा वाचता आलं की ते कसब दुसऱ्या भाषेत सोबत येतं. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच मातृभाषेतून सुरुवात करा असं सांगितलं होतं. पण आठव्या वर्षी रुळलेल्या मुलाला उपटून दुसरीकडे लावायची गरज नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. त्याच्या शाळेतही तो तास असेल. त्या तासावर विसंबू मात्र नका. तिथे मराठी हा एक विषय आहे, पेपरपुरता. तुम्हाला तिला काम द्यायचंय.

रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा, त्यानं ऐकायचं. त्यानं वाचलंच पाहिजे असा आग्रह पहिले दोन महिने धरू नका. तुम्ही एखाद्या चुरशीच्या जागी थांबलात की तो पुस्तक आपणहून ओढून घेईल. माझ्या भाच्यानं तसंच केलं होतं. त्याच्या तोंडातलं इंग्रजी शब्द आलेलं वाक्य दुरुस्त करत बसू नका. "मराठीत बोल" म्हटलं की मूल गप्प होतं, आणि मग मराठी म्हणजे ओरडा खाण्याची भाषा होऊन बसते. त्याऐवजी तुम्ही पुढच्या वाक्यात तोच शब्द मराठीत वापरा, सहज. आजोबांना सांगा, चिंता करण्यापेक्षा त्याच्याबरोबर जिने मोजत चढा, मराठीत. स्वयंपाकात त्याला हाताशी घ्या आणि कोशिंबीर कालवायला द्या. 'कालव' हा शब्द त्याच्या बोटांत जाईल.

आणि रविवारी वाणसामानाची यादी त्याला सांगून लिहून घ्या, देवनागरीत. सव्वा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे, दीड डझन केळी, अडीच किलो तांदूळ. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. दुकानात ती यादी त्यानंच वाचून दाखवायची आणि उरलेले सुट्टे पैसे त्यानंच मोजून घ्यायचे. मंडईत पुन्हा 'एकोणसाठ' आलं तर त्याला एवढंच सांगा: साठाला एक उणा. मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास तो स्वतःच सांगेल. नव्याण्णवला मात्र तो फसेल, तिथे त्याला थोडी मदत करा.